७० मिमी पडद्यावर ‘एलियन’, ‘द थिंग’, ‘एलियन्स’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन, शिकागो, लॉस एंजेलिस, टोरोंटो, मेलबर्न अशा शहरांतली मोजकी थिएटरं १९७९ ते १९८६ या काळातल्या गाजलेल्या विज्ञान-भयपटांचे खेळ ७० मिमी रुंद फिल्मच्या प्रिंटवर अजूनही लावतात. तिकीट काढणारे आणि फिल्म सोसायटीतर्फे असा खेळ लावू पाहणारे, दोघांनाही पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तांत्रिक भाग नको असेल तर ‘तिकीट काढण्याआधी काय विचारावं’ एवढं तरी वाचा.

हे चित्रपट मुळात ७० मिमीवरच चित्रित झाले होते का?

नाही. ‘एलियन’ (१९७९, दिग्दर्शक रिडली स्कॉट, छायाचित्रण डेरेक व्हॅनलिंट) आणि ‘द थिंग’ (१९८२, दिग्दर्शक जॉन कारपेंटर, छायाचित्रण डीन कंडी) हे दोन्ही ३५ मिमी निगेटिव्हवर ॲनामॉर्फिक (रुंद चित्र आडवं दाबून टिपणाऱ्या) भिंगांनी चित्रित झाले. ‘एलियन्स’ (१९८६, दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन, छायाचित्रण एड्रियन बिडल) ३५ मिमीवर साध्या भिंगांनी. मोठ्या शहरांतल्या मोठ्या थिएटरांसाठी लॅबमध्ये चित्र मोठं करून ७० मिमी प्रिंट काढल्या गेल्या. धंद्यात याला ब्लो-अप म्हणतात. आपल्याकडचा ‘शोले’ही याच वाटेने गेला: चित्रण ३५ मिमीवर, आणि मिनर्व्हाच्या पडद्यासाठी ७० मिमी प्रिंट.

मग मूळ निगेटिव्ह ३५चंच असेल तर ७० मिमीने मिळतं काय?

तपशील वाढत नाही, हे आधी स्पष्ट करू. निगेटिव्हमध्ये जे टिपलं गेलेलं नाही ते मोठ्या प्रिंटमध्ये कुठून येणार? फायदा होतो तो चित्र पडद्यावर फेकताना. ३५ मिमी स्कोप (म्हणजे ॲनामॉर्फिक) प्रिंटमध्ये प्रोजेक्टरच्या खिडकीतून जाणारी चौकट सुमारे २१ बाय १७.५ मिमी असते, ७० मिमीमध्ये सुमारे ४८.५ बाय २२ मिमी. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट. १५ मीटर रुंद पडद्यावर ३५ मिमी चौकट आडवी सातशे पटींच्या वर ताणावी लागते, ७० मिमी चौकट तीनशेच्या थोडी वर. तेवढ्या प्रमाणात ओरखडे, धूळ आणि चौकटीची थरथर पडद्यावर लहान दिसते. शिवाय चौकट मोठी म्हणून दिव्याचा उजेडही जास्त जातो. ‘एलियन’सारख्या काळोख्या चित्रपटात हा उजेड फार कामाचा. नॉस्ट्रोमो या अंतराळयानाच्या खालच्या मजल्यावरच्या साखळ्या, ठिबकणारं पाणी, अंधारातला ओला पत्रा हे सगळं काळ्यात बुडून न जाता काळ्यातून वेगळं उठून येतं.

आणि दुसरा फायदा म्हणजे आवाज. १९७९ साली लोक ७० मिमीच्या खेळाला जात ते आवाजासाठीही.

आवाजात नेमका काय फरक?

त्या काळच्या ३५ मिमी प्रिंटवर आवाज कडेच्या प्रकाशीय पट्टीत असे. त्यातल्या दोन ट्रॅकमधून डॉल्बी चार वाहिन्या उकलून काढायचं. ७० मिमी प्रिंटवर फिल्मला चुंबकीय पट्टे चिकटवलेले असतात, टेप रेकॉर्डरच्या टेपवर असतं त्याच जातीचं द्रव्य. पट्टे चार आणि ट्रॅक सहा: फिल्मच्या कडेच्या छिद्रांबाहेरच्या दोन रुंद पट्ट्यांवर प्रत्येकी दोन, आतल्या दोन अरुंद पट्ट्यांवर प्रत्येकी एक. प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र, त्यामुळे उकलण्यात होणारी सरमिसळ नाही. आवाजाची झेपही मोठी, म्हणजे अगदी हलका आवाज आणि कानठळ्या बसवणारा आवाज यांच्यातलं अंतर जास्त.

जुन्या पद्धतीत पाच ट्रॅक पडद्यामागच्या पाच स्पीकरना आणि सहावा सभागृहातल्या स्पीकरना जाई. १९७७ पासून ट्रॅक २ आणि ४ यांचं काम बदललं. त्यांवर फक्त खालच्या सुरातला घुमारा टाकू लागले. या पद्धतीला ‘बेबी बूम’ म्हणतात. पुढे त्याच दोन ट्रॅकच्या वरच्या सुरांत सभागृहाच्या डाव्या-उजव्या बाजूंचा वेगवेगळा आवाज बसवायची सोय झाली. डॉल्बीच्या प्रोसेसरवर या दोन मांडण्यांना अनुक्रमे ४२ आणि ४३ क्रमांक आहेत. हे आकडे फक्त ऑपरेटरने लक्षात ठेवायचे, पण त्याची चूक झाली की भोगतो प्रेक्षक. बटण चुकीचं दाबलं गेलं तर घुमाऱ्यासाठीचे ट्रॅक पडद्यामागच्या आतल्या दोन स्पीकरना जातात आणि संवादाभोवती मातकट गुरगुर सुरू होते. ‘द थिंग’मधला एन्निओ मोरिकोनेच्या संगीताचा तो मंद, ठोक्यासारखा खालचा सूर ऐका. तो पोटात जाणवायला हवा. पडद्याच्या मधोमध कुठूनतरी ‘ऐकू’ येत असेल तर मांडणी चुकलेली आहे.

प्रिंट गुलाबी दिसते असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच.

रंगीत प्रिंटमध्ये निळसर-हिरवा (सायन), किरमिजी (मॅजेंटा) आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. १९८०च्या सुरुवातीपर्यंत वापरात असलेल्या कोडॅकच्या ईस्टमन प्रिंट फिल्मवर सायन थर सगळ्यात आधी विरतो, कोणी प्रिंट चालवो वा न चालवो. तो गेला की उरतो किरमिजी-लाल गोळा. १९८२-८३च्या सुमारास कोडॅकने कमी विरणारी एलपीपी जातीची प्रिंट फिल्म आणली, तिचे रंग आजही चांगले टिकून आहेत.

यावरून हिशेब सोपा आहे. १९७९ची ‘एलियन’ची मूळ ७० मिमी प्रिंट बहुधा गुलाबी झालेली असणार, अपवाद थंडगार साठवणीत राहिलेल्या प्रिंटचा. ‘द थिंग’ जून १९८२चा, म्हणजे अगदी उंबरठ्यावरचा. प्रिंट कोणत्या फिल्मवर निघाली त्यावर सगळं अवलंबून. १९८६ची ‘एलियन्स’ची प्रिंट नव्या फिल्मवरची, तिच्या रंगाबद्दल काळजी कमी. म्हणूनच ‘कोणता चित्रपट’ याआधी ‘कोणती प्रिंट’ हे विचारायची सवय लावून घ्यावी.

चित्रपट सुरू झाल्यावर ओळखायचं असेल तर ‘द थिंग’मध्ये पहिल्या पाच मिनिटांत कळतं: हेलिकॉप्टर कुत्र्याचा पाठलाग करतं तो बर्फ पाहा. बर्फ पांढरा, सावल्या निळ्या असतील तर प्रिंट उत्तम. बर्फावर गुलाबी झाक आणि सावल्या तपकिरी असतील तर सायन थर गेलेला आहे. गंमत अशी की रात्रीच्या प्रसंगांत कंडीने निळ्या अंधारात किरमिजी उजेडाच्या मशाली वापरल्या आहेत, त्यामुळे विरलेल्या प्रिंटवर तेवढ्या मशालीच काय त्या मूळ रंगाच्या उरतात. ‘एलियन’मध्ये दीर्घनिद्रेतून जागे होण्याचा पांढराशुभ्र कक्ष आणि नंतर ॲश या पात्राच्या अंगातून वाहणारा पांढरा द्रव पाहा. अंड्यांच्या गुहेतला निळा धुक्याचा थर जांभळट-किरमिजी दिसला तर निदान पक्कं.

काही ठिकाणी भिंगापुढे सायन फिल्टर लावून गुलाबीपणा कमी करतात. चेहरे जरा बरे दिसतात, पण विरलेला रंग परत येत नाही आणि उजेड मात्र कमी होतो. आमच्या मते त्यापेक्षा ‘प्रिंटचा रंग विरलेला आहे’ असं जाहिरातीत सरळ छापावं. प्रामाणिक थिएटरं तसं छापतातही.

तिकीट काढण्याआधी थिएटरला काय विचारावं?

ईमेलवर चार प्रश्न पुरेत. प्रिंट कोणत्या वर्षाची आहे? रंगाची स्थिती काय? आवाज चुंबकीय आहे, डीटीएस (वेगळ्या डिस्कवरचा) आहे, की डिजिटल फाइलवरून जोडणार? प्रिंटवर सबटायटल्स किंवा मोठी तूटफूट आहे का? ज्या ठिकाणी ऑपरेटरने प्रिंट स्वतः तपासली आहे तिथून उत्तर एका दिवसात आणि नेमकं येतं. ‘पडद्यावर ७० मिमीचा भव्य अनुभव’ अशा छापाचं उत्तर आलं तर प्रिंट अजून पोचलेली नाही, किंवा पोचून कोणी पेटी उघडलेली नाही असं समजा.

जाहिरातीत ‘७० मिमी’ आणि ‘आयमॅक्स ७० मिमी’ दोन्ही दिसतं. एकच का?

फिल्मची रुंदी एकच, बाकी सगळं वेगळं. इथे ज्याबद्दल बोलतोय ती फिल्म उभी धावते, चौकट पाच छिद्रांची. आयमॅक्सची फिल्म आडवी धावते, चौकट पंधरा छिद्रांची, आणि प्रोजेक्टरही निराळा. ‘एलियन’ किंवा ‘द थिंग’ आयमॅक्स थिएटरमध्ये लागले तर ते डिजिटल असतात.

चित्राच्या कडा कापल्या जातात का?

थोड्या. ७० मिमीचं प्रमाण २.२० : १. ‘एलियन’ आणि ‘द थिंग’ २.३९ : १चे, त्यामुळे पूर्ण उंची राखली तर सुमारे आठ टक्के रुंदी जाते. ‘एलियन्स’ १.८५ : १चा, तो अरुंद पडतो आणि प्रिंटवर दोन्ही बाजूंना काळी जागा राहते. अशा वेळी थिएटरने बाजूचे काळे पडदे आत सरकवायला हवेत. ते सरकवले नाहीत तर करड्या पट्ट्या दिसतात आणि काळोख्या प्रसंगांत डोळा सारखा तिकडे जातो. खेळाआधी व्यवस्थापकाच्या कानावर घातलं तर दोन मिनिटांत दुरुस्त होणारी गोष्ट आहे.

कोणती आवृत्ती दाखवतात?

मूळ प्रदर्शनाची. ‘एलियन’ ११७ मिनिटांचा, २००३ची दिग्दर्शकाची आवृत्ती नव्हे. ‘एलियन्स’ १३७ मिनिटांचा. १५४ मिनिटांची लांब आवृत्ती पुढे घरगुती व्हिडिओसाठी आली, तिचा ७० मिमीशी संबंध नाही. ‘द थिंग’ १०९ मिनिटांचा.

कुठे बसावं?

पडद्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर बसलात तर पडदा तुमच्या नजरेचा सुमारे ५३ अंशांचा कोन व्यापतो. दीडपट अंतरावर ३७ अंश, दुप्पट अंतरावर २८. ब्लो-अप प्रिंटसाठी एकपट ते दीडपट अंतर आम्हाला योग्य वाटतं. त्याहून पुढे बसलं तर ३५ मिमी निगेटिव्हचे कण ठळक दिसू लागतात, मागे गेलं तर ७० मिमीला आल्याचा उपयोगच राहत नाही. सहा ट्रॅकच्या आवाजासाठी मधली रांग आणि मधली खुर्ची. बाल्कनीच्या खाली खोलवर बसू नका, सभागृहातल्या स्पीकरचा आवाज तिथे दबतो.

मध्यंतर असतं का? मुलांना नेता येईल का?

मध्यंतर नसतं. समोसा-चहा आधीच आटपा. मुलांचं म्हणाल तर अमेरिकेत हे तिन्ही चित्रपट ‘आर’ श्रेणीतले, १७ वर्षांखालच्यांना सोबत पालक लागतात. इतर देशांत नियम वेगळे. नियम काहीही असो, ‘द थिंग’मधलं रॉब बॉटिनचं विशेष मेकअपचं काम मोठ्या पडद्यावर लहानांनी पाहू नये असंच आम्ही सांगू.

याच चित्रपटांचं ४के डिजिटल रूप उपलब्ध आहे. तेच का पाहू नये?

जरूर पाहा. ‘एलियन’चं ४के रूप मूळ निगेटिव्हवरून केलेलं आहे आणि २६ एप्रिल २०२४ ला ते पुन्हा थिएटरांत लागलं होतं. (ही तारीख, अमेरिकी पद्धतीने ४/२६, ‘एलियन्स’मध्ये एलव्ही-४२६ असं नाव मिळालेल्या उपग्रहावरून निवडतात, त्यामुळे दर एप्रिलमध्ये खेळ शोधायला हरकत नाही.) प्रिंट गुलाबी असेल आणि चित्रपट तुम्ही पहिल्यांदाच पाहणार असाल तर डिजिटलच बघा, यात आम्हाला शंका नाही. रंग शाबूत असलेली चुंबकीय आवाजाची प्रिंट मात्र सोडू नका. त्या काळच्या मिश्रणकारांनी जे सहा ट्रॅक बसवले ते त्या पट्ट्यांवर जसेच्या तसे आहेत. घरगुती आवृत्त्यांसाठी आवाज पुढे अनेकदा नव्याने मिसळला गेला.

कुठल्या शहरांत शोधावं?

लॉस एंजेलिसमध्ये हॉलिवूडचं ईजिप्शियन आणि सँटा मोनिकाचं एरो. शिकागोत म्युझिक बॉक्स, तिथे ७० मिमीचा स्वतंत्र महोत्सव भरतो. बॉस्टनजवळ सॉमरव्हिल थिएटर. न्यू जर्सीतल्या मंडळींना जवळचं म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज. टोरोंटोत टिफ लाइटबॉक्स. लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअरजवळचं प्रिन्स चार्ल्स आणि बीएफआय साउथबँक, तर ब्रॅडफर्डला पिक्चरव्हिल. जर्मनीत कार्ल्सरूहेचं शाउबुर्ग. मेलबर्नमध्ये सेंट किल्डाचं ॲस्टर. प्रत्येक ठिकाणी हे तीन चित्रपट दरवर्षी लागतातच असं नाही. ऑक्टोबर महिना भयपटांचा, तेव्हा शक्यता सगळ्यात जास्त.

‘एलियन’चा खेळ इतका क्वचित का लागतो?

दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात आणि लोक नेहमी एकच धरून चालतात. पहिली, चित्रपट जाहीरपणे दाखवायचा हक्क: ‘एलियन’ आणि ‘एलियन्स’चा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे होता, मार्च २०१९ मध्ये ती कंपनी डिस्नेकडे गेली. ‘द थिंग’ युनिव्हर्सलचा. दुसरी, प्रिंट ज्याच्या ताब्यात आहे त्याची: स्टुडिओचा साठा, एखादं फिल्म संग्रहालय किंवा खाजगी संग्राहक. संग्राहकाकडे प्रिंट आहे म्हणून खेळ लावता येत नाही आणि हक्क मिळाला म्हणून प्रिंट मिळेल असंही नाही. दोन्ही होकार एकाच तारखेसाठी जुळावे लागतात, तिथेच बहुतेक बेत बारगळतात.

आमच्या संस्थेला खेळ लावायचा आहे. प्रिंट आल्यावर पहिलं काम कोणतं?

काहीच न करणं. थंड साठवणीतून आलेल्या पेट्या निदान २४ तास न उघडता प्रोजेक्शन केबिनच्या तापमानाला ठेवा, नाहीतर फिल्मवर दव धरतं. उचलताना दोन माणसं घ्या. ७० मिमी फिल्म मिनिटाला सुमारे ११२ फूट धावते, म्हणजे ‘एलियन’ची प्रिंट १३,१०० फुटांच्या आसपास, चार किलोमीटर. नुसती फिल्मच पन्नास किलोंच्या वर जाते, रिळं आणि पेट्या वेगळ्या.

मग प्रत्येक रीळ तपासणीच्या टेबलावर हाताने, सावकाश गुंडाळा. एका रिळाला अर्धा तास धरा. २,००० फुटांच्या रिळात सुमारे १८ मिनिटांचा चित्रपट मावतो, तेव्हा ‘एलियन’ची सातेक रिळं म्हणजे अख्खी दुपार गेली. पाहायचं ते असं:

वास. पेटी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट फिल्मचं विघटन सुरू झालं आहे. चुंबकीय पट्ट्यातला लोखंडाचा ऑक्साइड या विघटनाला हातभार लावतो, म्हणून ७० मिमीच्या जुन्या प्रिंट या रोगाला लवकर बळी पडतात. पेटीत ए-डी पट्टी ठेवून बघा: निळीची हिरवी आणि पुढे पिवळी होत गेली तर आम्ल वाढलेलं आहे. अशी रिळं दुसऱ्या प्रिंटशेजारी ठेवू नका.

आकुंचन. छिद्रांमधलं अंतर मापकाने मोजा. आकुंचन एक टक्क्याजवळ गेलं की फिल्म दात्यांवर नीट बसत नाही, खिडकीतून खडखडत जाते आणि छिद्रं फाडून घेते. त्याआधीच थांबा आणि मालकाला फोन करा.

जोड. जुने जोड बोटांनी हलकेच वाकवून बघा, उघडत असतील तर नव्याने घाला. ॲसिटेटला सिमेंट चालतं, पॉलिएस्टरला चालत नाही, तिथे टेप किंवा अल्ट्रासॉनिक जोड. टेप चुंबकीय पट्ट्यावर चढू देऊ नका, तेवढ्या जागी आवाज गळतो. कात्री आणि स्प्लाइसरचं (जोड घालायच्या यंत्राचं) पातं चुंबकत्व काढून घेतलेलं हवं. नाहीतर प्रत्येक जोडावर ‘टक्’ असा आवाज कायमचा उमटतो आणि तो पुढच्या सगळ्या थिएटरांना ऐकावा लागतो. त्याच कारणाने रिळं स्पीकरपाशी किंवा मोटरपाशी ठेवू नयेत.

रंग. फ्रेम पांढऱ्या उजेडावर धरून काळ्या भागाकडे बघा. तो खरोखर काळा असेल तर ठीक, लालसर तपकिरी असेल तर वर सांगितलेली गुलाबी गोष्ट. आता तरी जाहिरात दुरुस्त करा.

सापडलेलं सगळं रीळनिहाय लिहून ठेवा, मिळाल्याच्या दिवशीच मालकाला पाठवा. परत जाताना भांडण होत नाही.

कोणता प्रोजेक्टर लागतो? एक पुरतो का?

३५ आणि ७० दोन्ही चालवणारा. फिलिप्सचा डीपी७० (अमेरिकेत नोरेल्को एए-II), सिनेमेकानिका व्हिक्टोरिया ८, किनोटॉन एफपी७५ ही नेहमीची नावं. डीपी७० तर १९५०च्या दशकातला, आणि त्याला ऑस्करही मिळालेलं आहे.

एक पुरत नाही. संग्रहालयं जवळजवळ नेहमीच दोन प्रोजेक्टर आणि रीळ-बदल यांची अट घालतात. प्लॅटरवर (मोठ्या आडव्या फिरत्या तबकडीवर) सगळी रिळं जोडून एकसंध करायची म्हणजे प्रत्येक रिळाचा आरंभ-अंत कापावा लागतो आणि दर वेळी दोन-चार फ्रेम जातात. रीळ संपण्याआधी सुमारे आठ सेकंद चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पहिली खूण चमकते, तेव्हा दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. सुमारे एक सेकंद आधी दुसरी खूण, तेव्हा बदल. ‘द थिंग’मध्ये कोपरा कधी बर्फाचा पांढरा तर कधी काळाकुट्ट असतो, खूण निसटू शकते. म्हणून तपासणीच्या वेळीच प्रत्येक रिळाच्या शेवटच्या प्रसंगाची चिठ्ठी लिहून प्रोजेक्टरला चिकटवा.

दिव्याचा उजेड फिल्म न लावता पडद्याच्या मध्यावर १६ फूट-लॅम्बर्ट (उजेडाचं एकक) असावा. काळोखे चित्रपट आहेत म्हणून दिवा वाढवायचा मोह आवरा. काळा रंग राखाडी होतो, आणि जास्त उष्णतेने ॲसिटेट फिल्म खिडकीत फुगून फोकस हलतो.

खेळ चालू असताना सगळ्यात जास्त काय बिघडतं?

आवाज. चुंबकीय पट्ट्याची तपकिरी भुकटी झडून आवाज-हेडवर साचते. आधी वरचे सूर जातात, संवाद घोंगडीखालून आल्यासारखे येतात, मग एखादा ट्रॅक सरळ मुका होतो. उपाय कंटाळवाणा पण अचूक: प्रत्येक रिळानंतर मोकळ्या प्रोजेक्टरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसायचं. चुंबकीय आवाज-हेड खिडकीच्या वर बसवलेलं असतं आणि आवाज व चित्र यांच्यात २४ फ्रेमांचं अंतर ठरलेलं आहे. फिल्म भरताना वरचा लूप लहानमोठा झाला तर ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

डीटीएस प्रिंट असेल तर काळजी वेगळी. फिल्मवर फक्त वेळेचा सांकेतिक पट्टा असतो, आवाज स्वतंत्र डिस्कवर. ३५ मिमी डीटीएसमध्ये डिस्क बिघडली तर फिल्मवरची प्रकाशीय पट्टी उपयोगी पडते, ७० मिमी डीटीएसवर अशी पर्यायी पट्टी नसते. डिस्क चुकीची आली तर खेळ मुका. म्हणून पेटी आली की पहिल्यांदा डिस्कवरचं नाव आणि रीळ क्रमांक पडताळा.

नव्या ७० मिमी प्रिंट काढता येत नाहीत का?

येतात. बरबँकच्या फोटोकेम लॅबमध्ये ६५/७० मिमीचं काम आजही होतं. २०१८ मध्ये ‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या नव्या ७० मिमी प्रिंट, डिजिटल दुरुस्ती न करता, निघाल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये आलेला ‘सिनर्स’ हा भयपट तर नव्याने ७० मिमीवर दाखवला गेला. अडचण तंत्राची नाही. जगभरात जेमतेम काही डझन पडद्यांसाठी जुन्या चित्रपटाची प्रिंट काढायचा खर्च स्टुडिओला परवडायला हवा. नव्या प्रिंटवर आवाज डीटीएसचा असतो. चुंबकीय पट्ट्यांच्या प्रिंट आता निघत नाहीत, आहेत तेवढ्याच.

मुंबई-पुण्यात हे कधी पाहायला मिळेल?

भारतात नियमितपणे ७० मिमी फिल्म चालवणारं थिएटर नाही. २०२३ मध्ये ‘ओपेनहायमर’सुद्धा इथे डिजिटलच लागला. वडाळ्याच्या घुमटाच्या थिएटरात २००१ पासून आयमॅक्स फिल्म चालायची, तीही डिजिटल झाली. ‘शोले’ची तर एकही ७० मिमी प्रिंट उरलेली नाही. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात सादर केलेली ४के आवृत्ती इतर घटकांवरून बांधावी लागली.

तरीही कोणाला एखादा खेळ लावायचाच असेल तर कामांचा क्रम असा: आधी चालू स्थितीतले दोन ७० मिमी प्रोजेक्टर आणि ते चालवणारा माणूस, मग हक्काची परवानगी, मग प्रिंट, मग तात्पुरत्या आयातीची कागदपत्रं. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ नुसार जाहीर खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सव असेल तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागता येते. लोक उत्साहाने प्रिंटपासून सुरुवात करतात आणि पहिल्याच पायरीवर अडकतात, कारण डिजिटल आल्यावर जुने प्रोजेक्टर भंगारात गेले आणि ऑपरेटर दुसऱ्या कामाला लागले.

प्रिंट परत पाठवताना काय पाहावं?

रिळं मालकाने सांगितलेल्या बाजूने गुंडाळा, आरंभ बाहेर की शेवट बाहेर हे आधी विचारून घ्या. वेगात गुंडाळू नका, सैल थर एकमेकांवर घासून चुंबकीय पट्टा ओरखडतो. शेवटची टोकं कागदी टेपने बांधा, चिकट डाग सोडणारी टेप नको. प्रत्येक पेटीत रीळ क्रमांक, तपासणीची नोंद आणि नव्याने घातलेल्या जोडांची यादी ठेवा. आणि डीटीएस डिस्क प्रोजेक्शन केबिनच्या ड्रॉवरमध्ये राहिलेली नाही ना, हे पेटी बंद करण्याआधी बघा.